पेटंटांच्या आकड्यात सोलापूर मावत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातल्या महाविद्यालयांना 'पेटंट मिळाले' अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. मुलं आणि शिक्षक खटपट करताहेत याचा आनंदच आहे. पण त्या बातम्यांची बेरीज करून जिल्हा संशोधनात पुढे निघाला, आता उद्योगही वाढणार, असा निष्कर्ष काढला जातो. तो पटत नाही, म्हणून हे पत्र.

पेटंटचा अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, विनंती केल्यास आधीही. तोवर त्याची तपासणी झालेलीच नसते. तपासणीची मागणी वेगळी, फी वेगळी, मग हरकती, त्यांना उत्तरं, आणि टिकला तर मंजुरी. प्रसिद्ध झालेला अर्ज आणि मंजूर पेटंट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही वेळा डिझाइनची नोंदणीसुद्धा पेटंट म्हणून सांगितली जाते. ती फक्त वस्तूच्या बाह्य रूपाची असते. देशात 2023-24 मध्ये एक लाखाहून जास्त पेटंटं मंजूर झाली. त्यांतली कामाची किती, हे पुढे कळतं. पेटंट 20 वर्षांपर्यंत टिकवायचं तर तिसऱ्या वर्षापासून दरवर्षाची फी भरावी लागते. ज्याला त्यातून काही मिळत नाही तो भरणं सोडतो आणि हक्क संपतो. पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे का, याचं निवेदनही सरकारला द्यावं लागतं. मोजायचं तर हे मोजावं.

माझं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर गेलं. टेरी टॉवेलच्या मागाला ताणा, म्हणजे उभे धागे, गुंडाळलेले दोन बीम (रूळ) असतात, एक साध्या ताण्याचा, दुसरा पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या फाशांचा. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन धागे फणी थोड्या अंतरावरच सोडते आणि तिसऱ्या वेळी तिन्ही एकदम ठोकते. पाइलचा सैल ताणा तेव्हा वर येऊन त्याचे फासे होतात. पाइलच्या बीमचा ताण जरा हुकला की टॉवेलला मध्येच टक्कल पडतं. आमच्या एका फिटरने त्या बीमला दोरी-वजनाऐवजी स्प्रिंगची जोड बसवली. खराब माल कमी झाला आणि थोड्याच दिवसांत शेजारच्या कारखान्यांतही तीच जोड दिसू लागली. त्याची नोंद कुठेच नाही. आता होणारही नाही, कारण उघडपणे वापरात आलेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही.

शेतीत तर कायद्यानेच हा रस्ता बंद आहे. पिकांच्या वाणांना भारतात पेटंट नाही, त्यांच्यासाठी 2001 चा स्वतंत्र कायदा आहे. नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेस या द्राक्षाच्या वाणातून 'सोनाका' निवडलं, काळ्या द्राक्षांत 'शरद सीडलेस' दिलं. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 'सोलापूर लाल' हा लोह-जस्त जास्त असलेला वाण काढला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. या जिल्ह्याने केलेलं हे मोठं काम, आणि पेटंटच्या तक्त्यात यातलं एकही नाही! उलट सोलापूरचा इंजिनिअर पुण्या-मुंबईच्या कंपनीत शोध लावतो तेव्हा अर्जदाराच्या पत्त्याने मोजलं तर तो त्या शहराच्या खात्यात जातो. शिवाय जिथे आधीच मोठे उद्योग आणि प्रयोगशाळा आहेत तिथे अर्ज जास्त होतात. म्हणजे भरभराटीमुळे पेटंटं की पेटंटांमुळे भरभराट, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

आपल्याला विनंती अशी, की बातमी देताना अर्ज दाखल झाला, प्रसिद्ध झाला की मंजूर झाला, हे स्पष्ट छापावं. विद्यापीठ आणि जिल्हा उद्योग केंद्राने मिळून दरवर्षी जिल्ह्याचा खरा हिशेब मांडावा. संशोधकाच्या पत्त्यावरून मोजलेली पेटंटं, फी भरून चालू ठेवलेली पेटंटं, नोंदलेले वाण आणि डिझाइन्स, सगळं एका ठिकाणी यावं. आणि फिटरांसाठीही काही व्हावं. व्यक्तीने ऑनलाइन केलेल्या तात्पुरत्या अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. अडतं ते लिहिण्यापाशी आणि आकृतीपाशी. विद्यापीठाने महिन्यातून एक दिवस विद्यार्थी आणि जाणकार पूर्व भागात पाठवले, तर जोड शेजारच्या गाळ्यात जाण्याआधी अर्ज दाखल होऊ शकेल.

आपला,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार,
साखर पेठ, सोलापूर