दगड वेचणारा मंत्री

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, शेतकी कॉलेज सोडतो आणि पक्षाच्या प्रचाराला पूर्ण वेळ लागतो. शेतकऱ्यांचं काही करायचं तर सत्तेतच जायला हवं." मी गप्प बसलो, कारण पटकन काय बोलावं ते सुचेना. रविवारी आई आणि मी ॲबर्नेथीला जाऊन आलो. तिथे जे पाहिलं, ते तुला लिहावंसं वाटलं.

तिथे विल्यम मदरवेल यांचं दगडी घर जपून ठेवलंय. ते कॅनडातल्या या सस्कॅचेवान प्रांताचे पहिले कृषिमंत्री. मी बराच वेळ त्या भिंतीपाशीच होतो. करडे, तांबूस, काळसर, एकासारखा दुसरा नाही असे दगड. ते त्यांनी आसपासच्या रानातून आणि घळींतून वर्षानुवर्षं वेचून आणले. १८८२ साली इथे आले, आणि हे घर उभं राहिलं १८९७ला! तोवर लाकडी ओंडक्यांच्या घरात राहिले. आवारात शेततळंही आहे, बर्फ वितळलं की त्याचं पाणी धरायला. या कोरड्या मुलखात जमीन एक वर्ष पड ठेवून ओल राखायची, हेही ते स्वतः करत.

आणि ऐक, ते ग्वेल्फच्या शेतकी कॉलेजातून १८८१ साली पदवी घेऊन आले होते. वय एकवीस. तुझंच.

१९०१ साली गहू अमाप पिकला, पण तो न्यायला रेल्वेकडे पुरेशा वाघिणी नव्हत्या. ज्या होत्या त्या आधी एलिव्हेटरवाल्या, म्हणजे धान्य विकत घेऊन उंच कोठारांत साठवणाऱ्या कंपन्यांना मिळत. शेतकऱ्याला स्वतः वाघीण भरता यावी असा कायदा आदल्याच वर्षी झाला होता, पण तो कागदावर. म्हणजे एलिव्हेटरवाला म्हणेल तो भाव, तो दाखवेल ते वजन, तो कापेल ती घट. तुझे आजोबा कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन बाजाराच्या दारात रात्र काढायचे आणि सकाळी व्यापारी सांगेल त्या भावाला माल देऊन यायचे. मी शाळकरी पोर, शेजारी बारदानावर झोपलेला. म्हणून हे वाचताना माझा घसा दाटून आला.

मदरवेल आणि त्यांचे शेजारी पीटर डेमन यांनी डिसेंबरात इंडियन हेडला शेतकऱ्यांची सभा बोलावली. दिवस हुशारीने निवडला, कारण दोन बड्या पुढाऱ्यांच्या जाहीर वादासाठी माणसं गावात येणारच होती. धान्य उत्पादकांची संघटना जन्माला आली आणि मदरवेल तिचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी सिंटालुटा स्टेशनवरच्या रेल्वेच्या एजंटावर त्यांनी खटला भरला. वाघिणी मागणीच्या क्रमाने दिल्या नाहीत, एवढाच आरोप. शेतकरी जिंकले, आणि रेल्वेने सुप्रीम कोर्टापर्यंत नेऊनही निकाल फिरला नाही. मला विचारशील तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतलं मोठं काम हेच, आणि तेव्हा त्यांच्याकडे सत्तेतलं कुठलंही पद नव्हतं.

१९०५ला सस्कॅचेवान प्रांत झाला आणि त्याचे पहिले मुख्यमंत्री वॉल्टर स्कॉट यांनी त्यांना मंत्रिमंडळात घेतलं. तेरा वर्षं ते तिथे होते. त्यांच्याच खात्याने विद्यापीठाबरोबर आगगाडीच्या डब्यांतून जनावरं, बियाणं आणि तज्ज्ञ घेऊन गावोगाव शेतीशाळा फिरवली. १९१८ साली शाळांतल्या फ्रेंच भाषेवर गदा आली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. पुढे ओटावात केंद्र सरकारातही कृषिमंत्री झाले, पण ॲबर्नेथीचं शेत सुटलं नाही.

तू राजकारणात जाऊ नकोस, असं मी म्हणत नाही. उलट जावंस, असंच मला वाटतं. पण त्यांनी सभा बोलावली तेव्हा इथल्या मातीत एकोणीस वर्षं काढलेली होती, आणि समोर बसलेल्यांना ते ठाऊक होतं. तुझी तर पदवीची दोनच वर्षं उरलीत. प्रचाराला सुट्टीत जा, शनिवार-रविवार जा, पेट्रोलचे पैसे मी देतो.

सप्टेंबरच्या सत्राची फी भरायची शेवटची तारीख कळव. पैसे काढून ठेवलेत.

तुझा,
बाबा