कर्सर ताळ्यावर आणणाऱ्या दादांना

दादा,

निघताना तुम्ही म्हणालात, "एवढ्याशा कामाचे कसले आभार?" माझ्यासाठी ते एवढंसं नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी जुने फोटो दुरुस्त करते. चिरा, बुरशीचे डाग गिंप या फोटो-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लोन टूलने, म्हणजे शेजारचा चांगला भाग उचलून, भरून काढायचे. त्या दिवसांत एका आजींच्या लग्नातला फोटो हाती होता. डोळ्याच्या कडेची चीर भरत होते, तेवढ्यात कर्सर अडखळला आणि उडी मारून थेट नथीपाशी गेला. गालावर काळा ओरखडा! अनडू करता येतं हो, पण दर दहा मिनिटांनी तेच व्हायला लागलं की हात स्थिर राहत नाही.

बिनवायरच्या माउसचे सेल बदलले, पॅड बदललं, सेटिंगमधलं ॲक्सिलरेशन (हात जोरात हलला की कर्सर आणखी वेगाने पळवणारी सोय) बंद केलं. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे; ज्याला विचारावं तो म्हणे, लिनक्स काढून टाका. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "नेमकं केव्हा होतं?" आणि वहीत वेळ लिहून ठेवायला सांगितलंत. चार दिवसांत माझ्याच अक्षरात उत्तर समोर आलं. बाहेरच्या हार्ड डिस्कवरून मोठे स्कॅन उघडताना किंवा सेव्ह करतानाच कर्सर बिथरत होता.

मग तुम्ही टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवलंत, म्हणजे माउसची प्रत्येक हालचाल एकेका ओळीत दिसते, आणि मला माउस सावकाश गोल फिरवायला लावलात. ओळी सरसर, सारख्या अंतराने येत होत्या. डिस्कवर फाइल कॉपी करायला लावली आणि त्या ओळींमध्ये खंड पडू लागले. वायरचा माउस लावला, तर कॉपी चालू असतानाही एक ओळ चुकली नाही. ते पाहताना माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. दोष ना लिनक्सचा होता, ना माझ्या हाताचा.

माउसचा रिसीव्हर, म्हणजे त्याचे संदेश पकडणारा कॉम्प्युटरला लावलेला छोटा तुकडा, मागच्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये, डिस्कच्या केबलला अगदी खेटून होता. यूएसबी ३.० वरून डेटा धावताना जो रेडिओ गोंगाट होतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि बिनवायरचा माउस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्या गोंगाटात माउसचे संदेश गळत होते.

उपाय काय, तर पिशवीतून काढलेली एक मीटरची साधी एक्स्टेन्शन केबल. रिसीव्हर मागून काढून माझ्या पॅडशेजारी आणून ठेवलात. पुन्हा कॉपी लावली, पुन्हा गोल फिरवला. एकही उडी नाही.

नवा माउस घ्या, असं सांगून तुम्ही पाच मिनिटांत मोकळे होऊ शकला असता. तुम्ही दोन संध्याकाळी बसलात, आणि प्रत्येक पायरीला मला शेजारी बसवून दाखवलंत. आता असं काही झालं तर आधी काय तपासायचं, ते मला कळतं.

आजींचा फोटो पूर्ण झाला. नातू फ्रेम न्यायला आला तेव्हा डोळ्यांकडेच बघत राहिला. पैसे तुम्ही घेतले नाहीत. तुमच्या घरी भिंतीवर किंवा ट्रंकेत एखादा जुना, खराब झालेला फोटो असेलच. तो घेऊन या, दादा. मी करून देते.