मंत्रिमहोदय, सही माझी आहे, पैसे नाहीत

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट सांगते. परवा सोमवारी संध्याकाळी कॉलेजच्या अकाउंट्सच्या खिडकीत मी इंटर्नच्या विद्यावेतनाच्या तीन व्हाउचरवर सह्या केल्या. 18,000 रुपये मिळाले, अशा तीन वेळा. मिळाले शून्य. खिडकीतले काका सरावाने म्हणाले, "ताई, तारीख नका टाकू, ती आम्ही टाकतो."

त्याच सकाळी 7 वाजून 41 मिनिटांनी मी लष्करी रुग्णालयाच्या गेटवर होते. मिनिटासकट सांगता येतं, कारण तिथल्या वहीत लिहिलेलं आहे. आमच्या कॉलेजचा या रुग्णालयाशी करार आहे, म्हणून इंटर्नशिपचे काही महिने आम्ही इथे. गेटवर मोबाइल जमा करायचा, टोकन घ्यायचं, पास गळ्यात दिसला पाहिजे. एकदा पास बॅगेत राहिला तर जवानाने अर्धा तास उभं केलं. राग आला होता. आता वाटतं, निदान तो माणूस खोटं तरी लिहीत नाही.

रुग्णालयाबद्दल माझी तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते. उद्या कुणी तसं म्हणायला नको. वॉर्डात मेजर मॅडमचा राज. सीओंचा, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुख अधिकाऱ्यांचा, राउंड असला की पलंगावरचा पेशंटही सावधान! हसू यायचं, पण ड्रेसिंग वेळेवर होतं, औषध संपत नाही, आणि नाव डीआयएल, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांच्या, यादीत गेलं की घरी कळवणं कुणाच्या मर्जीवर राहत नाही. आमच्या कॉलेजच्या हॉस्पिटलात एका पेशंटमागे सहा नातेवाईक. इथे जवान एकटाच पडलेला असतो. साताऱ्याकडचा एक होता, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. मी मराठी बोलते म्हटल्यावर रात्री साडेअकराला बोलत बसला. मिलिटरी अपशिंगे, ते सैनिकांचं गाव, त्याच्या आजोळच्या वाटेवर. मध्येच विचारलं, "ताई, तुम्हाला पगार किती?" मी म्हटलं, सुरू व्हायचाय. तो म्हणाला, "मग जेवता कशावर?"

साहेब, सांगा, मी कशावर जेवते ते.

वडील बीड जिल्ह्यात शिक्षक. माझ्या नावावर 32 लाखांचं कर्ज, आईच्या पाटल्या तारण. कॉलेजची बस मिळणार होती, तोंडी. 22 किलोमीटर मी दोन बस आणि शेअर रिक्षा करून येते; रोजचे 90 रुपये, महिन्याचे सव्वादोन हजारांवर. म्हणजे आपल्या राज्यात डॉक्टर कामाला यायचे पैसे स्वतः भरते. शिवाय अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, फी घेतली पाच वर्षांची. उरलेल्या सहा महिन्यांत काय शिकवलं, ते बहुधा व्हाउचर भरणं असावं.

कायदा नाही असंही नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची इंटर्नशिपची नियमावली 2021 ची. बारा महिने राबायचं ते त्यात आठवड्यांच्या हिशोबाने मोजून दिलंय, एकट्या कम्युनिटी मेडिसिनचे 12 आठवडे. विद्यावेतनाशी आलं की भाषा मऊ होते: संबंधित प्राधिकाऱ्याने ठरवल्याप्रमाणे. हा प्राधिकारी कुठे बसतो? सरकारी कॉलेजांत आपण 2024 मध्ये 11,000 चे 18,000 केलेत, पेढे वाटले गेले असतील. आमच्या खासगी कॉलेजच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'शासनमान्य दराने'. दर शासनमान्य आहे, खरंच; रक्कम तेवढी नाही.

दिल्ली छावणीतल्या आर्मी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसच्या मुलांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे सप्टेंबर 2023 मध्ये, ऑक्टोबरपासून महिना 25,000 द्यायचा आदेश निघाला. तीही आमच्यासारखी लष्करी रुग्णालयात शिकणारी. देशातली 70 टक्के कॉलेजं स्टायपेंड देत नाहीत, असंही तेव्हा न्यायालयापुढे सांगितलं गेलं होतं. सत्तर असो की साठ, माझ्या पासबुकात त्याने काय फरक पडतो? आमची बॅच शंभराची धरा (दोनचार कमी असतील). महिन्याला 18 लाख, वर्षाला 2 कोटी 16 लाख. एका कॉलेजचे. हे कुणाच्या खिशात जातात ते विचारायला आपल्या खात्यात एक कारकून नाही?

मागणं फार नाही. तपासणीला माणूस पाठवाल तेव्हा व्हाउचर बघू नका, आमची पासबुकं मागा. तेही पुरणार नाही. शेजारच्या जिल्ह्यातली मैत्रीण सांगते, त्यांच्याकडे पैसे खात्यात येतात आणि आठवड्यात रोख परत द्यावे लागतात. म्हणून आम्हाला एकेकटं, डीन समोर नसताना विचारा. आणि इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट कॉलेजच्या हातून काढून घ्या. त्याशिवाय पीजीची वाट बंद, म्हणून तर शंभर डॉक्टर खिडकीसमोर रांगेत उभे राहून सह्या करतात.

'सेवा' हा शब्द मात्र यापुढे भाषणात वापरू नका. नीटच्या क्लासवाल्याने तो वापरला, संस्थाचालकांनी वापरला, बँकेच्या मॅनेजरने तर कर्ज देतानाही वापरला. व्याज कुणीच सोडलं नाही.

उद्या माझी इमर्जन्सीला ड्युटी आहे. गेटवर 7.40 ला असेन, वही आहे.

आपली,
एक इंटर्न
(नाव सर्टिफिकेट हातात पडल्यावर कळवते.)