एकांकी ऑपेराला मध्यंतर कशासाठी?

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ‘सालोमे’वरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसच्या या ऑपेराला अर्धं पान मिळालं याचा मनापासून आनंद झाला. पण ‘पहिल्या अंकाच्या अखेरीस येणारं सात बुरख्यांचं नृत्य’ इथे आले आणि पुढचं वाचवेना. सालोमेला पहिला अंक नाही, कारण दुसराच नाही. पडदा एकदा वर गेला की पावणेदोन तासांनी खाली येतो. सुरुवातीला नांदीसुद्धा नाही. क्लॅरिनेटवर सुरांची एक ओळ सरसर वर जाते आणि लगेच पहारेकऱ्यांचा तरुण कप्तान गाऊ लागतो, ‘आज रात्री राजकन्या सालोमे किती सुंदर दिसते आहे!’

मी एवढी चिडले त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातल्या एका सभागृहात हाच ऑपेरा मोठ्या पडद्यावर दाखवला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याला हट्टाने घेऊन गेले होते. नृत्य संपलं, सालोमेच्या सावत्र बापाने, राजा हेरोदने, ‘काय हवं ते माग’ म्हटलं, तिने चांदीच्या तबकात कैदेतल्या योहानाचं, बायबलमधल्या त्या संदेष्ट्याचं, शिर मागितलं. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं आणि तेवढ्यात दिवे लागले. पंधरा मिनिटांचं मध्यंतर! लोक चहाच्या रांगेत गेले. ‘नाच झाला की, चला आता’ असं म्हणत कितीतरी जण घरी गेले.

पुन्हा सुरू झालं तेव्हा निम्मे लोक वेफर्सच्या पुड्या घेऊन अंधारात खुर्च्या शोधत होते. आणि नेमका तोच भाग! योहानाला ज्या हौदात कोंडलंय त्याच्या काठावर सालोमे वाकलेली असते, आतून काही ऐकू येतं का म्हणून कान लावून. इथे स्ट्राउसने डबल बास हे खर्जाचं मोठं तंतुवाद्य वाजवणाऱ्यांना लिहून ठेवलंय, की तार पटावर दाबू नका, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरा आणि गजाचा अगदी आखूड फटका मारा. बाई घुसमटून कण्हावी तसा आवाज येतो. आमच्या रांगेत तो एकदाही ऐकू आला नाही. पुड्यांची कुरकुर तेवढी ऐकू आली.

आयोजकांकडे गेले तर म्हणाले, ‘बाई, मध्यंतर नसलं की लोक उठून जातात.’ अहो, मध्यंतर दिलंत म्हणून गेले!

लेखात या ऑपेरावरून झालेल्या वादाचं खापरही नृत्यावर फोडलंय. बायबलमधल्या मार्क आणि मत्तयच्या शुभवर्तमानात त्या मुलीला नावसुद्धा नाही. आई सांगते म्हणून ती शिर मागते. ऑपेरा ज्यावर बेतलाय त्या ऑस्कर वाइल्डच्या नाटकात ती स्वतःसाठी मागते, आणि शेवटी त्या शिराचं चुंबन घेते. लोकांच्या पचनी पडलं नाही ते हे. इंग्लंडमध्ये १८९२ साली नाटकाला बंदी आली ती बायबलमधली पात्रं रंगमंचावर आणायची नाहीत म्हणून. ऑपेरा १९१० साली लंडनला पोहोचला तेव्हा कात्री लागली ती शिराला. तबकात शिर दिसायचं नाही! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९०७ साली एकाच प्रयोगानंतर तो बंद केला, तो पुन्हा उभा राहायला १९३४ उजाडलं. व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरात खुद्द संगीतकार माहलर संचालक असून त्याला परवानगी मिळवता आली नाही. ड्रेस्डेनला ९ डिसेंबर १९०५ रोजी पहिल्या प्रयोगाला मात्र प्रेक्षकांनी कलावंतांना अडतीस वेळा पडद्याबाहेर बोलावलं होतं. आणि नृत्य? स्ट्राउसने बाकीचा सगळा ऑपेरा लिहून झाल्यावर ते शेवटी लिहिलं.

आणखी एक. तीन रकान्यांच्या लेखात हेडविग लाखमान हे नाव एकदाही नाही. वाइल्डने नाटक फ्रेंचमध्ये लिहिलं, लाखमानबाईंनी ते जर्मनमध्ये आणलं, बर्लिनमध्ये दिग्दर्शक माक्स राइनहार्टने केलेला प्रयोग स्ट्राउसने पाहिला आणि त्यांचाच अनुवाद काटछाट करून थेट संगीतात बसवला. वर दिलेलं सुरुवातीचं वाक्य त्यांच्याच अनुवादातलं आहे. मी स्वतः बावीस वर्षं जर्मनमधून मराठीत अनुवाद करते आहे. आपल्याच पुरवणीत मी अनुवादित केलेल्या पुस्तकाचं परीक्षण आलं होतं, त्यात ‘भाषा ओघवती आहे’ असं छापलं होतं. कुणाची भाषा, ते नव्हतं. तेव्हा पत्र लिहिलं नाही, आज लिहिते आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी: ऑपेरा एकांकी आहे, आणि जर्मन अनुवाद हेडविग लाखमान यांचा.

त्या दिवशी रिक्षात बसल्यावर आत्याने विचारलं, ‘अगं, त्या मुलीला शेवटी का मारलं? माझं मधलं काही सुटलं का?’

आपली,
एक जुनी वाचक, पुणे