मिस्सा, मेसे आणि निरोप

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. फ्रँकफुर्टमध्ये चर्चच्या फलकावरही ‘मेसे’ आणि पुस्तकजत्रेच्या आवारातही ‘मेसे’, हे कसं, असं तू विचारलंस. शब्द एकच आहे रे, आणि तो आपल्याकडेही आहे. वसईची कॅथलिक मंडळी रविवारी ‘मिस्सा’ला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जातात, गोव्यात त्यालाच ‘मीस’ म्हणतात.

मूळ लॅटिन ‘मित्तेरे’, म्हणजे पाठवणं. उपासना संपताना लोकांना सांगत, ‘इते, मिस्सा एस्त’: जा, निरोप दिला आहे. प्राचीन चर्चमध्ये निरोप दोनदा होई. वाचनं आणि प्रवचन झालं की बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर पाठवत. उरलेल्यांना अगदी शेवटी. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची बाई पश्चिमेकडून जेरुसलेमच्या यात्रेला गेली. तिच्या प्रवासवर्णनात ‘मिस्सा’ म्हणजे मुख्यतः हा निरोपच. पुढे तेच नाव अख्ख्या विधीला चिकटलं.

मला यातलं सगळ्यात काय भावतं सांगू? आपल्या उत्तरपूजेत ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून आपण देवांना निरोप देतो आणि ‘पुनरागमनाय च’ म्हणत परत यायचं आमंत्रणही. तिथे देव राहतो आणि माणसांना वाटेला लावतात.

इतका साधा अर्थ पुढच्या विद्वानांना पुरला नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडिताने ‘बळी (म्हणजे ख्रिस्त) देवदूताच्या हाती देवाकडे पाठवला गेला’ असा अर्थ लावला. 2007 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी या निरोपाचा संबंध ‘मिशन’शी जोडला: आता जगात जा आणि काम करा. ‘मिशन’ही त्याच धातूचं, त्यामुळे हा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटत नाही. तरी माझा कौल एगेरियाच्या साध्या अर्थालाच.

आता तुझी जत्रा. सणाच्या मिस्साला गावोगावचे लोक जमत, ते बाहेर पडले की चर्चच्या दारातच बाजार भरे. म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला तू आला होतास ना? आत मीस, बाहेर फेरी, म्हणजे जत्रा. जर्मनीत हळूहळू बाजारालाच ‘मेसे’ म्हणू लागले. फ्रँकफुर्टच्या जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने 1240 मध्ये संरक्षण दिलं. आज त्या आवारात पुस्तकांची जत्रा भरते आणि चर्चची आठवणही कुणाला होत नसेल.

प्रोटेस्टंट झालेल्या इंग्लंडमध्ये मात्र हाच शब्द जिवावर बेतला. तिथल्या चर्चच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकात ‘मास’ हे नाव होतं, 1552 च्या आवृत्तीतून ते काढून टाकलं. 1581 च्या कायद्याने तर नुसतं मासला हजर राहिलं तरी शंभर मार्क दंड आणि वर्षभर तुरुंगवास! लोक घरांच्या माळ्यांवर लपूनछपून तो विधी करत राहिले. या माणसांबद्दल वाचताना मला फार भरून येतं. आणि गंमत बघ, त्याच देशाच्या ‘ख्रिसमस’मध्ये तो ‘मास’ तसाच राहिला.

ऱ्हाइनच्या बाजूला खेडेगावांत ‘किर्मेस’ नावाची जत्रा भरते. तोही ‘चर्चचा मिस्सा’च. जवळपास कुठे असेल तर नक्की जा, आणि सकाळी चर्चमध्ये अजून काही होतं का ते बघून कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर