आण्णा, इथली मातीपण तांबडीच आहे

ती. आण्णा आणि आई,
सा. न.

तब्येत एकदम बरी आहे, जेवण वेळेवर होतंय, बाकीचं फोनवर रोज बोलतोच. आई, दादानं तुला तो फोटो दाखवायला नको होता. मी पडलो वगैरे नाही गं, ट्रॅकच्या कडेला उभं राहिलं की सगळ्यांच्याच अंगावर चिखल उडतो. गाडी मी चालवत नाही. कंपनीतला एकजण शनिवारी रेसला उतरतो, मी त्याच्या टायरची हवा बघतो, चाकं बदलतो आणि शेवटी चिखल खरवडतो, बस्स. टीव्हीवर इथला, अलाबामातल्या टॅलाडेगाचा डांबरी ट्रॅक दिसतो तो वेगळा, हा त्याच्या समोरच, रस्त्याच्या पल्याड, मातीचा, एक फेरी जेमतेम अर्ध्या किलोमीटरची.

आण्णा, एक गोष्ट तुम्हालाच कळंल. रेसच्या आधी इथं मातीवर पाणी मारतात. मला वाटलं धूळ बसावी म्हणून, पण खरं कारण पकड. पाणी मारून चिखल झाला की सगळ्या गाड्या नुसत्या हळूहळू फिरवतात, माती दाबायला, म्हणजे ओल खाली मुरते आणि वरचा थर घट्ट बसतो. मग रात्र चढंल तशी माती वाळते, काळी गुळगुळीत होते, चाकं घसरायला लागतात, आणि ड्रायव्हर ओल शोधत वरच्या कडेला जातात. वळायचं डावीकडं आणि स्टेअरिंग उजवीकडं धरलेलं! तालमीत तुम्ही हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ ठेवायचा ना, अगदी तसाच जीव लावतात ही माणसं मातीला. रंगपण तोच, तांबडा.

आई म्हणते ह्यात करिअर काय असतंय. रेड फार्मर म्हणून एक ड्रायव्हर आहे, 1932 चा जन्म. 1953 ला फ्लोरिडातल्या डेटोनाच्या समुद्रकाठच्या वाळूवर नॅसकारची (इथली गाड्यांच्या रेस भरवणारी मोठी संस्था) पहिली रेस केली. वरच्या सिरीजमध्ये सगळ्या मिळून 36 च रेस, एकही जिंकला नाही, पण त्याखालच्या लेट मॉडेल स्पोर्ट्समनमध्ये 1969, 70, 71 सलग तीन वर्षं चॅम्पियन. ऐंशी ओलांडल्यावरसुद्धा आमच्या ह्याच मातीच्या ट्रॅकवर उतरायचा, आणि 89 व्या वर्षी नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, सत्कार झाला. मला हा माणूस फार मोठा वाटतो, कारण नाव झाल्यावरपण त्यानं माती सोडली नाही. तो आणि बॉबी, डॉनी हे अ‍ॅलिसन भाऊ, तेपण ड्रायव्हरच, फ्लोरिडातनं रेससाठीच अलाबामात आले आणि ह्युटाऊन गावी राहिले, फार्मर तर राहिला तो राहिलाच. परत काही गेले नाहीत. ते असू दे.

1993 ला फार्मर अपघातात सापडला होता, हे दादा गूगल करून तुला सांगंलच म्हणून मीच सांगतो. पण ते हेलिकॉप्टर होतं आई, रेसची गाडी नव्हे. गाडीला आत पोलादी पाइपांचा पिंजरा असतो, पट्टे असतात, लवकर पेट न घेणारे कपडे असतात. आणि मी तर कुंपणाबाहेर असतो.

ह्या महिन्यात चाळीस हजार कमी पाठवलेत. आजारी वगैरे नाही, मित्राच्या इंजिनसाठी उसने दिलेत, सीझन संपला की देणार आहे. ताईच्या हॉलचा हप्ता चुकणार नाही, तो वेगळा ठेवलाय. लग्नाला मी येणार म्हणजे येणार, फक्त व्हिसाची तारीख मिळू दे. सांगलीच्या स्थळाला अजून हो म्हणू नका, आधी मला तिच्याशी बोलू द्या, शनिवारी मी घरी नसतो हे मलाच सांगायचंय.

आण्णा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मला कळलं. दादाचे तीन मिस्ड कॉल होते, मी ट्रॅकवर होतो, फोन पिशवीत होता. आता खिशात ठेवतो, व्हायब्रेटवर. इंजिनच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही, पण मांडीला कळतं. कधीपण लावा, रात्र असली तरी.

तुमचा धाकटा