ताई, तुम्ही आलात म्हणून आणि दुसऱ्या दिवशी आला नाहीत म्हणूनही

प्रिय ताई,

फोनवर तुमचे आभार मानायला जावं तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. मागच्या वेळी तेच झालं. मी आभारांपर्यंत पोचायच्या आत तुम्ही माझ्या घोट्याची चौकशी सुरू केलीत आणि मग बोलणं तिकडेच गेलं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते चार लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

टोकियो माझं आवडतं शहर आहे. कामाच्या निमित्ताने येऊन गेले तेव्हापासून त्या शहराने मनात घर केलंय. पण मला ते माहीत होतं ते बहुतेक जमिनीखालून. मेट्रोच्या कुठल्या लाईनचा रंग कुठला, कुठल्या डब्यात बसलं की उतरल्यावर जिना समोर येतो, एवढी माझी ओळख. दोन स्टेशनांच्या मध्ये वर काय आहे, कुठे चढ आहे, कुठे पाणी आहे, हे कधी पायाखाली आलंच नव्हतं. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत घरच्यांबरोबर यायचं ठरलं तेव्हा देवळं, संग्रहालयं, खरेदी हे सगळं त्यांनी ठरवलं. मी एकच गोष्ट मागितली होती. पहाटे सगळे झोपलेले असताना जपानच्या सम्राटाच्या राजवाड्याभोवती धावायचं.

आणि नेमकी त्याचीच धास्ती होती. घोट्याचं लिगामेंट दुखावलं त्याला वर्ष होत आलं होतं. फिजिओथेरपिस्टने धावायला परवानगी दिली होती, सपाट रस्त्यावर मी धावतही होते. पण उतार आला की पाय आपोआप थांबायचे. दुखायचं काही नाही. नुसती भीती. ज्याला असं झालंय त्यालाच कळेल की दुखणं बरं झाल्यावर मागे राहिलेली ही भीती किती चिवट असते.

मावसबहिणीने तुमचा नंबर दिला तेव्हा मला एवढंच विचारायचं होतं, की तिथे पहाटे एकट्या बाईने धावणं ठीक आहे ना. एका ओळीचं उत्तर पुरलं असतं. तुमचा आला तो चांगला लांबलचक व्हॉइस मेसेज, आणि तो मी अजून जपून ठेवलाय. "अगं, निर्धास्त ये. राजवाडा आहे, जागोजागी पोलीस उभे असतात. पण पोचल्या पोचल्या धावू नकोस. इथे साडेपाच वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं, तेव्हा दोन-तीन दिवस नुसतं चाल, मग धाव. उजेडाची काळजी नको, मे महिन्यात इथे पावणेपाचपर्यंत सूर्य वर आलेला असतो." आणि शेवटी, जाता जाता सांगावं तसं, "पहिल्या दिवशी मी येते."

तुमच्या निशी-कासाईहून राजवाड्याजवळच्या ताकेबाशी स्टेशनला मेट्रोच्या तोझाई लाईनने थेट येता येतं, गाडीसुद्धा बदलावी लागत नाही, असं तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की मला वाटलं तुमचं येणं-जाणं त्याच बाजूला असेल. कामाचं ठिकाण भलतीकडेच आहे, त्या दिवशी तुम्ही पहाटेची पहिली गाडी पकडलीत आणि धावून झाल्यावर तशाच ऑफिसला गेलात, हे मला मावसबहिणीकडून नंतर कळलं. ताई, ज्या बाईला आपण कधी पाहिलेलं नाही तिच्यासाठी कुणी एवढं करतं का हो?

ताकेबाशीला तुम्ही आधीच येऊन उभ्या होतात. गळ्याभोवती पातळसा टॉवेल, तसाच दुसरा माझ्यासाठी आणलेला. नियम तुम्ही तिथेच सांगून टाकलेत. साधारण 5 किलोमीटरची फेरी, मध्ये एकही सिग्नल नाही. सगळे घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, म्हणजे खंदक कायम डाव्या हाताला. चालणाऱ्या माणसाला आधी वाट द्यायची. फुटपाथ अरुंद होईल तिथे शेजारी शेजारी न धावता एकामागे एक व्हायचं. यातलं काहीच सक्तीचं वाटत नाही, सगळे पाळतात म्हणून आपणही पाळतो. ज्यांना तिथे जाऊन धावायचंय त्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

बरेच जण राजवाड्याच्या साकुरादामोन या दरवाजापासून सुरुवात करतात, सपाट भाग आधी मिळतो म्हणून. तुम्ही ताकेबाशी निवडलंत, कारण तिथून निघालं की चढ लगेच लागतो आणि मग उतार. "भीती वाटते ते आधी उरकून घेऊ," असं तुम्ही म्हणालात. मी उताराबद्दल तुम्हाला मेसेजमध्ये अर्ध्या वाक्यात लिहिलं होतं. तेवढं तुम्ही लक्षात ठेवलं होतं.

चढावर मला दम लागायला लागला तेव्हा तुम्ही वेग कमी केला नाहीत, बोलणं वाढवलंत. फुटपाथमध्ये बसवलेल्या त्या फरश्या दाखवायला लागलात. दर शंभर मीटरला एक फरशी, तिच्यावर जपानच्या एकेका प्रांताचं फूल, असे सगळे 47 प्रांत त्या फेरीत येतात. मी खाली बघत धावत होते तरी मला त्या दिसल्या नव्हत्या. होक्काइदोचं जंगली गुलाबासारखं फूल, टोकियोचा साकुरा, म्हणजे चेरी. आणि ओकिनावाचा पांगारा! आपल्याकडे फाल्गुनात पानं झडलेल्या झाडावर लालभडक पेटतो तोच पांगारा, इथे राजवाड्याच्या वाटेवर एका दूरच्या बेटाचं फूल म्हणून बसलाय. मी थांबून वाकून बघितलं. तुम्हीही थांबलात, घड्याळ थांबवलंत, आणि "पहिल्यांदा दिसला तेव्हा मी इथे बसून रडले होते" एवढंच म्हणून पुन्हा धावायला लागलात. मी त्यावर काही विचारलं नाही. इतकी वर्षं परक्या मुलुखात काढलेल्या माणसाला त्या फरशीपाशी काय वाटलं असेल, याचा विचार मात्र त्या दिवसानंतर अनेकदा केला.

चिदोरिगाफुचीला, खंदकाच्या त्या भागात, साकुराची झाडं गच्च हिरवी होती. फुलांच्या दिवसांत, मार्चच्या शेवटी आणि एप्रिलच्या सुरुवातीला, तिथे पाय ठेवायला जागा नसते, असं तुम्ही सांगितलंत. मला ती हिरवीच आवडली. मग हान्झोमोन, राजवाड्याचा आणखी एक दरवाजा. आणि तिथून पुढे तो उतार.

त्या उताराबद्दल नीट लिहायचंय. डाव्या हाताला रुंद, खोल खंदक, त्याच्या काठाचा गवताचा उतार थेट पाण्यापर्यंत गेलेला, समोर दूरवर शहराचे उंच मनोरे आणि त्यांच्यावर कोवळं ऊन. त्या फेरीतली सगळ्यात सुंदर जागा तीच आहे, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मला फक्त उतरणारा फुटपाथ दिसत होता. पाय थांबणार हे तुम्हाला माझ्या आधी कळलं. तुम्ही अर्धं पाऊल पुढे झालात आणि मागे वळून न बघता सांगत राहिलात. "पावलं आखूड टाक. टाच पुढे रोवून ब्रेक लावू नकोस, घोट्यावर आणि मांडीवर भार येतो. पाय अंगाखाली पडू दे. नजर दहा पावलं पुढे." तुमच्या पावलांचा आवाज एका लयीत येत होता, टप टप टप, नेहमीच्या धावण्यापेक्षा कितीतरी जलद आणि बारीक. मी त्या आवाजात माझी पावलं मिसळली. "घाबरू नकोस" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मी बहुतेक थांबले असते.

खाली साकुरादामोनच्या दरवाजातून आत शिरलो तेव्हा मला कळलं की उतार संपला. तुम्ही लगेच 1860 सालची गोष्ट काढलीत, मार्चमधल्या बर्फाच्या सकाळी त्या दरवाजाबाहेर शोगुनचा प्रमुख मंत्री ई नाओसुके याची हत्या झाली ती. मला सावरायला वेळ मिळावा म्हणूनच तुम्ही ती इतकी रंगवून सांगितलीत, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढे काळ्या पाइनची झाडं, राजवाड्याचा निजुबाशी पूल, मग उजवीकडे टोकियो स्टेशनकडे जाणारा रुंद रस्ता. टोकियो मॅरेथॉन 2017 पासून तिथे संपते आणि तुम्ही दर वर्षी स्वयंसेवक म्हणून पाणी वाटायला उभ्या राहता, हे तुम्ही बोलण्याच्या ओघात सांगितलंत. मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. मग ओतेमोन दरवाजावरून पुन्हा ताकेबाशी.

तिथे मी हरखून विचारलं, "उद्या किती वाजता?" आणि तुम्ही म्हणालात, "उद्या मी येणार नाही. आज तू सगळा वेळ माझ्या पावलांकडे बघत धावलीस. उद्या रस्ता बघ."

ताई, खरं सांगते, मला वाईट वाटलं. दुखवल्यासारखंच वाटलं थोडं. रात्री बूट दाराशी काढून ठेवले तरी जायचं की नाही ते ठरत नव्हतं. तुम्ही मेसेजही केला नाहीत, आणि आता वाटतं की तोही विचारपूर्वकच केला नाहीत.

पहाटे गेले. तीच वाट, तीच दिशा. चढावर एकेक फरशी बघत गेले, पांगाऱ्यापाशी क्षणभर थांबले. हान्झोमोनला पोलीस उभा होता, त्याने किंचित मान लवून नमस्कार केला, मीही केला. मग उतार. पावलं आखूड, पाय अंगाखाली, नजर पुढे. आणि नजर पुढे गेली तेव्हा ते सगळं एकदम समोर आलं: खंदक, पाण्यात उतरलेलं आकाश, गवत, ते मनोरे. माझ्या उजवीकडून एक बरेच वयस्कर गृहस्थ पुढे गेले, त्यांची पावलंही तशीच बारीक पडत होती. मी त्यांच्या मागे मागे खालपर्यंत धावले. थांबले नाही. साकुरादामोनच्या आत गेल्यावर मात्र मोठ्याने हसले, एकटीच, आणि कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

सुट्टीतल्या उरलेल्या सकाळी मी तिथेच होते. एकदा मुलीलाही घेऊन गेले, ती अर्धी फेरी चालली आणि फरश्या मोजत बसली. हॉटेलवर परतताना रस्ते जागे होत असायचे, दुकानांपुढे पाणी मारलेलं असायचं, आणि आता मला माहीत असायचं की या रस्त्याच्या टोकाला पाणी आहे, त्या वळणानंतर चढ आहे. आता हे शहर मला वरूनही ठाऊक झालंय. मेट्रोचा नकाशा बघितला तरी मधल्या जागा डोळ्यांपुढे येतात.

तुम्ही आलात त्याबद्दल आभार. पहिली गाडी, तो टॉवेल, पूर्ण फेरीभर माझ्या वेगाने धावणं आणि ते मला जाणवूही न देणं, या सगळ्याबद्दल आभार. आणि दुसऱ्या दिवशी आला नाहीत त्याबद्दल तर फार. तुम्ही रोज आला असतात तर मी रोज तुमच्या मागे छान धावले असते आणि घरी येताना भीती तशीच बरोबर घेऊन आले असते. मदत करताना कुठे थांबायचं हे कळणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

घोट्याचं विचारलं होतंत ना, तर तो उत्तम आहे. फिजिओथेरपिस्टला उताराची गोष्ट सांगितली, तिने तुमच्या सूचना तिच्या इतर पेशंटना सांगायची परवानगी मागितली. मी तुमच्या वतीने देऊन टाकलीय.

हिवाळ्यात तुम्ही इकडे येणार आहात असं कळलं. धावायचे बूट बरोबर आणा. पहाटे किती वाजता निघायचं ते तुम्ही सांगा, मी दाराशी हजर असेन. आणि एकटीनेच जायचं असेल तर तसं सांगा, वाट लिहून देईन.

तुमची,
ताकेबाशीला भेटलेली